कोशीचा रंग

घोडेगावच्या शुक्रवारच्या बाजारात कानिफनाथ येळवंडे यांना ओळखत नाही असा माणूस सापडलाच, तर एक तो पहिल्यांदा आलेला असणार, नाहीतर त्याला शेळी घ्यायची असणार. शेळ्यांच्या वाटेला कानिफतात्या कधी गेले नाहीत. त्यांचा प्रांत गाय-बैलांचा. चाळीस वर्षं त्यांनी जनावरांची दलाली केली. एवढ्या वर्षांत त्यांच्याबद्दल कुणी वाईट बोललंच नाही असं काही नाही, कारण दलालाबद्दल वाईट बोलणं हा बाजारातल्या माणसाचा हक्कच असतो. पण तात्यांचा शब्द फिरला, असं मात्र कुणी कधी म्हणालं नाही.

तात्यांची खरी मालमत्ता म्हणजे त्यांचे डोळे. तुम्हाआम्हाला नुसता पांढरा बैल दिसतो तिथे तात्यांना ढवळा दिसे, गवळा दिसे, भुरा दिसे, कोसा दिसे. कोसा म्हणजे पांढराच, पण आतून सावळेपणा झिरपलेला. मानेशी आणि वशिंडाशी तो जरा दाट होतो. नुसत्या रंगावरून बैल कुणाच्या दावणीचा आहे हे ते सांगत आणि दहातल्या सात वेळा बरोबर सांगत. उरलेल्या तीन वेळा बैल मध्येच कुणी दुसऱ्याने घेतलेला असे, असं त्यांचं म्हणणं होतं.

सौदा व्हायचा तो रुमालाखाली. दोघांनी हातावर रुमाल टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरायची, दाबायची, सोडायची, पुन्हा धरायची. तोंडाने एकीकडे पाहुण्यारावळ्यांच्या गप्पा चालू. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी आतला भाव तिसऱ्याला कळत नाही. जमलं की मूठ आवळायची आणि रुमाल उचलायचा. एकदा रुमाल उचलला की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी फिरायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी तात्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी फार वेळ उभं राहायचं नाही असं बजावलं. बसून दलाली करणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, म्हणून तात्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि ते घरी बसले. मुलगा रविराज चाकणला कंपनीत, त्याचं बिऱ्हाड तिकडेच. घरात तात्या आणि भागूबाई दोघंच. नवरा दिवसाउजेडी घरात असतो ही गोष्ट भागूबाईंच्या अंगवळणी पडायला वेळ लागला. तात्या मेथी निवडायला बसले तर काड्या आत आणि पानं बाहेर; पापड उलटायला सांगितलं तर ‘याची डावी बाजू बरी दिसते’ म्हणून शेरा. पहिल्या महिन्यातच भागूबाईंनी त्यांना ओसरीवर खुर्ची टाकून दिली आणि उंबऱ्याच्या आतली हद्द आपली आहे हे नीट समजावून सांगितलं.

त्या ओसरीला लागून एक खोली होती. ती रोहिणीने भाड्याने घेतली होती. रोहिणी संगमनेरची, तिशीच्या आतबाहेरची, हायस्कूलला चित्रकला शिकवायला आलेली. दिवाळीची सुट्टी संपवून ती परत आली आणि एका रविवारी दाराशी बसून चित्र रंगवायला लागली. रानात उभा असलेला एक खिल्लारी बैल. तात्या खुर्चीवरून बघत होते. अर्धा तास त्यांनी कळ काढली.

“मॅडम, असला बैल नसतो,” शेवटी ते म्हणाले.

रोहिणीला वाटलं पाय चुकले. पाय बेस आहेत, तात्या म्हणाले, रंग चुकलाय. अंगाची ठेवण कोशा बैलाची आणि रंग मात्र तुम्ही ढवळ्याचा दिलाय. दुसरी एखादी असती तर फणकारली असती, पण रोहिणीने विचारलं, कोसा म्हणजे नक्की कसा. तात्या सांगायला लागले आणि दोन मिनिटांत अडकले. चाळीस वर्षं जो शब्द उच्चारला की समोरचा मान डोलवायचा, तो शब्द या पोरीपुढे उलगडून दाखवायची वेळ आली तेव्हा ‘पांढरा, पण पांढरा न्हाई’ याच्यापुढे त्यांची गाडी जाईना. रोहिणीने कुंचला त्यांच्यापुढे धरला आणि सांगत बसू नका, करूनच दाखवा, असं म्हणाली.

तात्यांनी आजवर कुंचला धरला होता तो पोळ्याला शिंगं रंगवायला. त्यात विचार नसतो. डबा उघडायचा आणि फासायचा. त्याच हिमतीने त्यांनी रोहिणीच्या पोस्टर रंगांच्या बाटल्यांतली काळी बाटली बशीत ओतली आणि वर थोडा पांढरा टाकला. रंग झाला सिमेंटचा. मग आणखी पांढरा टाकला. जरा फिकं सिमेंट झालं. तात्या इरेला पेटले. पांढरी बाटली उलटी करून बुडावर थापटेपर्यंत ते थांबले नाहीत. शेवटी बशीत एवढा करडा रंग जमला की गोठ्याची भिंत सारवून निघाली असती, आणि कोसा काही सापडला नव्हता. कागदावरचा बैल चौकातल्या पुतळ्यासारखा निर्जीव झाला होता.

रोहिणी हसली नाही. हसल्या त्या भागूबाई. त्या उंबऱ्याच्या आत बसून ज्वारी निवडत होत्या आणि त्यांनी सगळा तमाशा पाहिला होता. एक तर त्यांची चांगली चिनीमातीची बशी त्या रंगात बुडाली होती, त्यामुळे बोलायचा हक्क त्यांना आपोआपच मिळाला होता.

“विरजण दुधात घालत्यात का दूध विरजणात?” त्यांनी विचारलं. “काळं एवढं ओतलं आन् वर पांढरं घालीत बसलात. उलटं करा की.”

रोहिणीने हातातला कागद खाली ठेवला. हीच गोष्ट कळायला कॉलेजात आपलं एक वर्ष गेलं, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. गडद रंगात फिका घालत गेलं तर रंगाची नासाडी होते आणि हाती काही लागत नाही. फिका आधी घ्यायचा, गडद त्यात टोकभर सोडायचा. भागूबाईंना यात विशेष काही वाटलं नाही. आमी रोज सांजच्याला तेच करतो, म्हणून त्या पुन्हा ज्वारीकडे वळल्या. पण तात्यांनी त्या दिवसापासून कुंचल्याच्या टोकाने उचलायच्या गडद रंगाला ‘विरजण’ म्हणायला सुरुवात केली. नंतर हायस्कूलची पोरंही तसंच म्हणायला लागली, कारण रोहिणीनेच तो शब्द वर्गात नेला.

अशी तात्यांची शिकवणी सुरू झाली. रोहिणीने पहिली अट घातली ती काळ्या बाटलीची. ती तिने काढून घेतली आणि कपाटात ठेवली. नवखा माणूस काळा हाताशी असला की सावली दिसली रे दिसली की काळा फासतो आणि चित्राचा चिखल करतो, असं तिचं म्हणणं. गडद हवं असेल तर निळ्यात तपकिरी मिसळा. तात्यांना वाटलं पोरगी थट्टा करतेय. पांढऱ्या बैलाला निळं लावायचं, हे बाजारात कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी तात्यांना हळदीचं दूध पाजून झोपवलं असतं. पण करून पाहिलं, आणि निळ्या-तपकिरीतून असा एक मऊ करडा निघाला की तात्या बशी उन्हाकडे धरून किती वेळ बघतच बसले.

मग एक दिवस रोहिणीने जाड पुठ्ठ्याला मधोमध पावलीएवढं भोक पाडलं आणि तात्यांना शेजारच्या श्रीमंत कदमांच्या गोठ्यापुढे नेऊन बसवलं. एक डोळा मिटायचा, भोकातून बैलाच्या अंगाचा एकेक तुकडा बघायचा आणि दिसेल तो रंग सांगायचा. बैल आहे हे विसरायचं. तात्यांनी पुठ्ठा लावला. पाठीवर उन्हाचा पिवळसर उजेड होता. बरगडीच्या सावलीत आले तर तिथे निळं होतं, खरोखरचं निळं, फिक्कट. तात्यांनी पुठ्ठा काढून बघितलं, तर बैल नेहमीसारखा पांढरा. पुन्हा लावला, तर निळा. मग ते पोटाखाली गेले. तिथे सावली असूनही अंधार नव्हता. खालच्या तांबड्या मातीचा उजेड वर पोटावर चढला होता आणि पांढऱ्या बैलाचं पोट गुलाबी तांबूस दिसत होतं.

चाळीस वर्षांत हजारो गायीबैलांच्या पोटाखाली वाकून पाहिलं असेल तात्यांनी. सड पाहिले, बेंबी पाहिली, गाठ आहे का पाहिलं. मातीचा रंग मात्र कधी पाहिला नाही. दुसऱ्या कुणाला यात वाईट वाटलं असतं. तात्यांना मात्र एखाद्या जत्रेत फुकट शिरायला मिळाल्यासारखा आनंद झाला. त्या दिवसापासून पुठ्ठा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात राहू लागला. भाकरीवर, निरंजनावर, भागूबाईंच्या लुगड्यावर, सगळ्यावर तो लागायचा. जेवताना तरी तो डोळ्यावरून काढा, असं भागूबाईंना दोनदा सांगावं लागलं.

बाटल्यांवरची इंग्रजी नावं तात्यांच्या तोंडात बसेनात, म्हणून त्यांनी आपली नावं दिली. यलो ऑकर झाला कडबा, बर्न्ट सिएना झाला खैरा, आणि तो गडद निळा झाला मोरपंखी, जरी तो मोरपंखी अजिबात नव्हता. रोज सकाळी चहा झाला की पाटावर कागद, शेजारी पाण्याचा तांब्या, फुटक्या बशीत रंग. गुडघे दुखत होते, पण मांडी घालायची गरज नव्हती आणि दलालीसारखं ओरडावंही लागत नव्हतं. तात्या मनापासून सुखात होते. आणि सुखात असलेल्या माणसाच्या मनात येतं तसं त्यांच्या मनात आलं, की आता कोशी काढायची.

कोशीची गोष्ट अशी. ती घरची गाय. तिची आई व्याली आणि लगेच गेली, तेव्हा भागूबाईंनी तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. रविराज तिच्याच दुधावर मोठा झाला. एकतीस वर्षांपूर्वी भागूबाई भाच्याच्या लग्नाला आठ दिवस माहेरी गेल्या होत्या आणि त्या शुक्रवारी तात्या कोशीला बाजारात घेऊन गेले. विकायला नव्हे. दुसऱ्या कुणाची तरी एक मरतुकडी गाय विकायची होती, आणि शेजारी एक देखणं जनावर उभं केलं की गिऱ्हाईक आपोआप थांबतं, ही दलालांची जुनी युक्ती. गिऱ्हाईक थांबलंही. कर्जतचा छगन, तात्यांचा दोस्त. त्याने कोशीकडे बघितलं आणि नुसता भाव तर कळू दे म्हणून खांद्यावरचा रुमाल पुढे केला. तात्यांनी हसत हात घातला. गायीला कुणी देणार नाही एवढा भाव त्यांनी गमतीने बोटांनी सांगितला. छगनने क्षणभरही न थांबता मूठ आवळली आणि रुमाल उचलला.

भोवती माणसं होती. गंमत केली, असं तात्या म्हणू शकले असते. पण ज्या दलालाने एकदा रुमालाखाली गंमत केली, त्याच्या हातात पुन्हा कोण हात देणार? तात्यांनी दावं छगनच्या हाती दिलं. भागूबाई माहेराहून आल्या तेव्हा खुंटा मोकळा होता. त्या भांडल्या नाहीत, रडल्याही नाहीत, निदान तात्यांसमोर तरी. नंतर घरात गायी आल्या आणि गेल्या, पण भागूबाईंनी एकीलाही नाव ठेवलं नाही. छगन दर शुक्रवारी बाजार उरकून तात्यांकडे चहाला यायचा, अजूनही येतो. भागूबाई त्याला चहा देतात, आल्या माणसाला नाही कसं म्हणायचं. फक्त त्याचा कप अर्धा असतो. एकतीस वर्षांत ना छगनने कधी विचारलं, ना भागूबाईंनी सांगितलं. तात्यांना मात्र दर शुक्रवारी तो अर्धा कप दिसायचा.

कोशीचा फोटो नव्हता. त्या काळात घरात माणसांचेच फोटो मोजके, गायीचा कोण काढणार. म्हणजे कोशी पुन्हा या घरात येणार असेल तर ती तात्यांच्या हातूनच, रंगातून. तात्यांनी भागूबाईंना काही सांगितलं नाही. रोहिणीने शिंगांचा आणि पायांचा आकार पेन्सिलीने बसवून दिला, रंग सगळा तात्यांचा. पंधरा दिवस लागले. पांढरा आधी, विरजण टोकभर. मानेशी दाट, बरगडीला निळसर, पोटाखाली माती. कोसा साधला. तो इतका साधला की रोहिणीने वर्गात दाखवायला चित्र मागितलं. तात्या म्हणाले, आधी घरात दाखवू दे.

भागूबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि चित्र दोन्ही हातांत धरलं. तात्या त्यांच्या तोंडाकडे बघत होते. बाजारात गिऱ्हाइकाच्या तोंडावरून भाव ओळखणारा माणूस, पण त्या तोंडावरून त्यांना काहीच कळेना.

“चांगली हाय,” भागूबाई म्हणाल्या. “पर ही बाजारात हुबी हाय. ही बाजू मी कवा बघितलीच न्हाई.”

चित्र त्यांनी पाटावर ठेवलं आणि त्या आत गेल्या. तात्यांना आधी काही उमजेना. मग लख्ख उमजलं, आणि नको तेवढं उमजलं. त्यांनी कोशीची डावी बाजू काढली होती. गिऱ्हाइकापुढे जनावर उभं करायचं ते नेहमी त्याची बरी बाजू बाहेर ठेवून. कोशीच्या उजव्या मांडीवर डाग होता. लहानपणी पाय सुजला म्हणून विळा तापवून डागलं होतं आणि तिथे पुन्हा केस आले नव्हते. त्यामुळे त्या शुक्रवारी ती डाव्या अंगाने उभी होती, आणि तात्यांच्या डोळ्यात ती तशीच राहिली होती. भागूबाई धारेला बसायच्या त्या उजवीकडून. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांच्यापुढे तो डाग असायचा. आपल्याच गोठ्यातल्या गायीची दुसरी बाजू तात्यांना आठवत नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. दोन दिवस त्यांनी कुंचल्याला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते उंबऱ्याची हद्द ओलांडून आत गेले आणि चुलीपाशी बसले. कोशी उजवीकडून कशी दिसायची, असं त्यांनी भागूबाईंना विचारलं. एकतीस वर्षांत त्या गायीचं नाव त्यांच्या तोंडून घरात पहिल्यांदा निघालं. भागूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, आणि मग बोलायला लागल्या. एकदा लागल्या त्या थांबेनात. धार काढायच्या वेळेला उजेड मागच्या दारातून यायचा, त्यामुळे पाठीच्या कडेला तेवढी उजळ रेघ आणि बाकी अंग सावळं. चुलीचा धूर गोठ्यात शिरायचा. कान सारखा हलायचा, उजवा. मांडीवर डाग, आणि डागाच्या खाली दोन बोटांवर एक भोवरा.

दुसऱ्या दिवसापासून भागूबाई ज्वारीचं सूप घेऊन ओसरीवरच बसायला लागल्या. तात्या रंग कालवायचे आणि बशी पुढे करायचे. भागूबाई मान हलवायच्या. अजून विरजण. अजून. आता झालं जास्त, आंबलं. रोहिणी शाळेतून आली की लांब उभी राहून बघायची. तिने त्यात तोंड घातलं नाही आणि ते शहाणपणाचं केलं. या वेळेस कोसा नुसता पांढऱ्यातला सावळा नव्हता. धुराचा निळा त्यात होता, मागच्या दाराचा कडब्यासारखा उजेड होता. पहिल्या चित्रापेक्षा ते गडद होतं आणि गाय त्यात देखणी नव्हती. पण ती कुणाला दाखवायला उभी नव्हती, आपल्या जागी उभी होती.

डागाचा रंग मात्र तात्यांना जमेना. तांबडा घातला तर जखम दिसे, करडा घातला तर चिखल. शेवटी भागूबाईंनी सूप खाली ठेवलं आणि बशी ओढून घेतली. जांभूळ खाल्ल्यावर बोट पुसलं तरी राहतो तसा होता तो, असं म्हणत त्यांनी बोटानेच थोडा तांबडा, थोडा निळा आणि पुष्कळसा पांढरा मिसळला आणि तेच बोट कागदावर टेकवलं. उजव्या मांडीवर. तिथून बोट त्यांनी जरा वेळ उचललं नाही.

“चुकलंच माझं तवा,” तात्या म्हणाले.

“चुकलं तर चुकलं,” भागूबाई म्हणाल्या. “शेपूट आखूड झालंय, तेवढं लांब करा.”

तात्यांनी शेपूट लांब केलं. चित्र वाळलं तसं ते ओसरीच्या भिंतीला टेकवून ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता.

छगन नेहमीच्या वेळेला आला. आता तोही थकलाय, काठीवर चालतो, पण बाजार सोडत नाही. बसता बसता त्याची नजर भिंतीकडे गेली. तो बसायचा थांबला, काठीवर वाकला आणि चित्राजवळ तोंड नेऊन बघत राहिला. मग मांडीवरच्या डागावर त्याने बोट ठेवलं. ही कोशी, तो म्हणाला, अन् मला सांगू नकोस दुसरी कुठली म्हणून. त्याचं त्यालाच राहवलं नाही आणि तो बोलत सुटला. त्याच्याकडे तिची सहा वेतं झाली. पहिलं वर्षभर कुणाच्या बांगड्या वाजल्या की मान वर करायची. त्याने तिला पुन्हा बाजार दाखवला नाही. म्हातारी होऊन त्याच्याच दावणीला गेली, आणि त्याने तिला बांधावरच्या लिंबाखाली पुरलं. आतून चहाच्या भांड्याचा आवाज येत होता तो मध्येच थांबला. हे सगळं एकतीस वर्षांत छगनने या घरात सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

मग छगनने खांद्यावरचा रुमाल काढला. एकच लेक, तिने पोरगी असताना त्या गायीला रोज गवत घातलेलं. चित्र तिच्या घरी लावीन, असं तो म्हणाला, आणि रुमाल हातावर टाकून त्याने हात पुढे केला.

“घाल हात, कानिफ. तू दाबशील तो भाव.”

तात्यांचा उजवा हात मांडीवरून उठला. त्यांनी उचलला नव्हता, तो आपला आपणच उठला. चाळीस वर्षांची सवय. रुमालाच्या काठापर्यंत गेला. आतून आता काहीच आवाज येत नव्हता, आणि भागूबाई दारात चहाचं ताट घेऊन उभ्या आहेत हे मागे न बघताही तात्यांना कळलं. चित्र चांगल्या घरी जाणार होतं. दोस्त मागत होता, मनापासून मागत होता. हात घातला असता तर कुणीही नावं ठेवली नसती.

तात्यांनी डावा हात उचलला, उजव्याला लावला आणि दोन्ही हात छगनपुढे जोडले. जोडलेल्या हातावर रुमाल टाकायची रीत नाही.

“ही बाजारात आणलेली न्हाई, छगन,” ते म्हणाले. “तुझ्या लेकीसाठी दुसरी काढून देतो. डाव्या अंगाची. ती बाजू मला पाठ हाय.”

छगनने त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. मग रुमाल झटकला आणि पुन्हा खांद्यावर टाकला. तो रागावला नव्हता. लेकीला डावी बाजूच जास्त आवडायची, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि ते खरं असेल किंवा नसेल.

भागूबाई बाहेर आल्या. त्यांनी ताट खाली ठेवलं, आणि पाहुण्यासमोर कधी न केलेली गोष्ट केली. त्या तात्यांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. डोक्यावरचा पदर त्यांनी पुढे ओढला, त्याचं टोक तात्यांच्या उजव्या हातावर टाकलं आणि खाली आपला हात घातला. भागूबाईंना बोटांची भाषा येत नव्हती. कुठलं बोट म्हणजे किती, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांनी तात्यांची अख्खी मूठ धरली आणि आवळली. तात्यांनीही आवळली. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

“वहिनी, कितीला झाला सौदा?” छगनने विचारलं.

“आतलं तिसऱ्याला सांगत्यात व्हय?” भागूबाई म्हणाल्या आणि पदर उचलला.

छगन हसला आणि त्याने चहाला हात घातला. कप उचलता उचलता तो थांबला आणि दोन्ही हातांनी धरून सावकाश तोंडाशी नेऊ लागला. कप काठोकाठ भरलेला होता, आणि थोडा चहा बशीतही सांडला होता.